ॲग्नेस डोंगरावरच्या खुर्च्या

मर्सी क्रीक गावात सायलस ट्रेगियरने ज्याला नावं ठेवली नाहीत असं माणूस, जनावर किंवा यंत्र उरलं नव्हतं. पाद्री त्याच्या लेखी बडबड्या होता, डॉक्टर खाटीक होता आणि डेन्व्हरहून गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण जन्मजात मूर्ख. पण तुच्छतेचा खास साठा त्याने राखून ठेवला होता तो स्कीवाल्यांसाठी. "डोंगर चढायचा कशाला, तर उतरायला," तो म्हणायचा. "आणि उतरून आणलं काय? ओलं ढुंगण. आमची माणसं वर जायची ती चांदी आणायला."

चांदी मात्र संपली होती. ॲग्नेस खाणीला युद्ध संपायच्या आधीच टाळं लागलं होतं. मागे उरला होता तो तारमार्ग. गावापासून खाणीच्या तोंडापर्यंत लाकडी मनोरे डोंगर चढत गेले होते, त्यांच्यावर पोलादी दोर, आणि दोराला लटकून गंजत पडलेल्या लोखंडी बादल्या. या तारमार्गाचा सायलस वीस-बावीस वर्षं मुकादम होता. दगडाने भरलेल्या बादल्या स्वतःच्या वजनाने खाली यायच्या आणि येताना रिकाम्या बादल्यांना वर ओढून न्यायच्या. ना कोळसा, ना इंजिन. माणसाने फक्त ब्रेकचा दांडा धरून उभं राहायचं, आणि तो माणूस सायलस होता. साऱ्या जगात त्याने नावं ठेवली नाहीत अशी हीच एक वस्तू.

१९४७च्या उन्हाळ्यात मेजर फेल्प्स नावाच्या गृहस्थाने तो डोंगरच विकत घेतला. सैन्यात असताना याला कुणीतरी बर्फावरून घसरायला शिकवलं होतं, आणि तेव्हापासून साऱ्या देशाला घसरायला लावायचं त्याने मनावर घेतलं होतं. तारमार्गाच्या जागी त्याला चेअरलिफ्ट हवी होती. त्याच्याबरोबर आला हाल्वर्ड मोएन, मिनेसोटाचा इंजिनियर, तिशीचा, काटकुळा, चष्मेवाला. डोंगरावरच्या मनोऱ्यांची माहिती सायलसशिवाय कुणालाच नव्हती, म्हणून त्याला बोलावणं गेलं. त्याने नोकरी धरली ती मेजरवर उपकार केल्यासारखी.

पहिल्याच आठवड्यात दोघे खालच्या स्थानकाच्या पायरीवर जेवायला बसले होते. सायलसच्या हातात बायकोने दिलेली पेस्टी होती, मांस-बटाट्याची, तळहाताएवढ्या करंजीसारखी. मोएन गुडघ्यावर कागद ठेवून समजावत होता.

"तुमच्या तारमार्गाला दोन दोर. एक बादली तोलणारा, एक ओढणारा. आपण एकच ठेवणार. तोच तोलेल, तोच ओढेल. मनोऱ्यांवर खोबणीची चाकं, दोर त्यांच्यावरून धावणार. खुर्च्या दोराला कायमच्या पकडलेल्या."

"आणि बसायला दोर थांबवायचा."

"नाही. दोर थांबत नाही."

"मग माणूस बसणार कसा? डोंबल?"

"चालत्या खुर्चीत. खुर्ची मागून येते, गुडघ्यांच्या मागे टेकते आणि माणूस बसतो."

सायलसने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो पाद्र्याकडे पाहत असे. "ही अक्कल कुणाची?"

"खरं सांगू? केळ्यांची." मोएनने चष्मा पुसला. "आयडाहोत पहिली चेअरलिफ्ट झाली, दहा-अकरा वर्षांपूर्वी. ती ज्याने आखली तो रेल्वेतला माणूस. त्याआधी त्याने उष्ण देशांत बोटीवर केळी चढवायची सोय पाहिली होती. फिरता दोर, दोराला आकडे, आकड्याला घड. त्याने आकड्याच्या जागी खुर्ची लावली. बस."

सायलसचं चावणं थांबलं. "केळी."

"हो."

"म्हणजे मेजरसाहेबांचे ते डेन्व्हरचे बँकवाले, आणि लोकरी टोप्या घातलेल्या त्यांच्या बायका, ही सगळी केळी."

"यंत्राच्या दृष्टीने, हो."

"मग निदान यंत्राला तरी दृष्टी आहे म्हणायची. पण साहेब, केळं परवडलं. ते खाली बघून किंचाळत नाही."

त्या संध्याकाळी ही गोष्ट गुत्त्यात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मर्सी क्रीकमध्ये स्कीवाल्याला दुसरं नावच राहिलं नाही. पोस्टातली बाईसुद्धा म्हणू लागली, "दोन केळी आलीत, मेजरचा पत्ता विचारतात."

खुर्ची किती वेगाने आली तर माणूस नीट बसेल, हे ठरवायला मोएनने एक प्रकार केला. आयडाहोवाल्यांनीही असंच केलं होतं म्हणे. ट्रकच्या बाजूला एक आडवा वासा बांधला, वाशाला खुर्ची टांगली आणि ट्रक गावच्या मुख्य रस्त्यावरून हळूहळू चालवायचा. रस्त्यात माणूस उभा करायचा. सारं गाव फुटपाथवर जमलं. गावाला तेव्हा दुसरं कामही नव्हतं.

"मी बसतो," सायलस म्हणाला. "बावीस वर्षं चालत्या बादलीत चढलोय. ही तर आरामखुर्ची."

ट्रक निघाला. सायलस पाय रोवून उभा राहिला आणि मान वळवून खुर्चीकडे अशा नजरेने बघत राहिला, जणू तिने आधी परवानगी मागावी. खुर्चीने मागितली नाही. ती त्याच्या ताठ गुडघ्यांवर आदळली, त्याला पुढे ढकललं आणि सायलस ट्रेगियर तोंडावर धुळीत गेला. लोक इतके हसले की दुकानदाराच्या घोड्याने दावं तोडलं.

तेवढ्यात त्याची बायको टॅमझिन हातात बाजाराची टोपली घेऊन दुकानातून बाहेर आली. जाडजूड बाई, पायघोळ झगा, तपकिरी कोट. ट्रक वळून आला तशी ती रस्त्यात जाऊन उभी राहिली, टोपली पोटाशी धरली आणि खुर्ची आली तेव्हा चर्चच्या बाकावर बसावं तशी बसली. पोस्टापर्यंत गेली, उतरली, चालत परत आली.

"मागे काय बघायचं असतं?" नवऱ्याच्या कोटावरची धूळ झटकत ती म्हणाली. "येणार हे माहीत होतं ना? पाय सैल सोडायचे. पण कुणावर भार टाकायचा म्हटलं की तुला जमतच नाही."

"मला शिकवू नकोस."

"तुला कोण शिकवणार? जो शिकवेल तो मूर्ख."

हा अपमान सायलसने गिळला, पण पचवला नाही. मोएनने त्याच्यापुढे जे जे ठेवलं त्याला तो नाक मुरडत राहिला. दोर ताठ ठेवायला खड्ड्यात टांगलेली दगडांची पेटी पाहून म्हणाला, "डोंगराला लंगोट बांधलाय." खुर्च्यांना लाकडी फळ्या आणि पाय टेकायला आडवी दांडी बसवली तेव्हा म्हणाला, "उशी राहिली. आणि दुधाची बाटली." काम मात्र तो चोख करत होता. तुच्छ माणसांसाठी आपलं काम तुच्छ करावं हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

खरं भांडण झालं ते ब्रेकवरून.

खाणीचं जुनं ब्रेकचं चाक सायलसने वरून उतरवून खालच्या स्थानकात मोटारीशेजारी बसवलं होतं. त्या चाकाला वेढून एक पोलादी पट्टा होता. दांडा ओढला की पट्टा आवळायचा. मोएन त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "हा एकाच बाजूने धरतो."

"बावीस वर्षं धरला."

"तेव्हा भार खाली येत होता, मिस्टर ट्रेगियर. आता भार वर जाणार. मोटार बंद पडली तर भरलेल्या खुर्च्या मागे घसरतील आणि चाक उलट फिरेल. सुलट फिरताना हा पट्टा स्वतःच स्वतःला आवळतो. उलट फिरलं की तोच स्वतःला सैल करेल. आपल्याला दातेरी चक्र हवं आणि त्यात पडणारी लोखंडी जीभ. चाक उलट फिरायला लागलं की जीभ दातात अडकते. बात खतम."

"उंटावरचे शहाणे!" सायलस म्हणाला. "लोखंडी जीभ म्हणे. इथे कातड्याच्याच जिभा कमी झाल्यात?"

ते चक्र प्युब्लोच्या ओतशाळेत ओतायला टाकलं होतं आणि अजून आलेलं नव्हतं. मेजर फेल्प्सला नाताळच्या आत लिफ्ट सुरू करायची होती. डेन्व्हरच्या वर्तमानपत्रांना त्याने तसं छातीठोक सांगून ठेवलं होतं. त्याने एकदा मोएनकडे पाहिलं, एकदा सायलसकडे, आणि ज्याचं म्हणणं सोयीचं होतं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ट्रेगियरसारखा अनुभवी माणूस सांगतोय, तर हरकत नाही."

सायलसला मेजरची कवडीची किंमत वाटत नव्हती. पण त्या घटकेला तो हात खांद्यावर बरा वाटला.

मोएन आवाज न चढवता म्हणाला, "मग एकही माणूस बसणार नाही. वाळूची पोती बसवू. पोत्यांसह मोटार मध्येच बंद करू. ब्रेकने धरलं तर मी माझे शब्द मागे घेतो."

डिसेंबरातल्या एका स्वच्छ सकाळी चढत्या बाजूच्या खुर्च्यांवर पोती बांधली. मोटार सुरू झाली. दोर निघाला आणि एकेक पोतं मोठ्या रुबाबात डोंगर चढू लागलं. "यंदाचे सगळ्यात शहाणे स्कीवाले," सायलस म्हणाला आणि गडी हसले. मेजर अस्वलाच्या कातड्याचा कोट घालून खुर्च्या जिथे येतात त्या फळीवर उभा होता. त्याने फोटोवालाही आणला होता. मोएन त्याला दोनदा म्हणाला, "तिथून बाजूला व्हा." मेजर म्हणाला, "एकच फोटो."

चढती बाजू वरपर्यंत भरली तसा मोएनने हात वर केला आणि मोटार बंद केली.

दोर थांबला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि सायलसने दांड्यावर हात ठेवून मोएनकडे पाहून ओठ वाकडा केला. मग दोर वळवणारं मोठं चाक करकरलं आणि उलट फिरायला लागलं, अगदी सावकाश, एखादी म्हैस उठताना अंग हलवते तसं.

सायलसने दांडा ओढला. आयुष्यभर त्या दांड्याने त्याला उत्तर दिलं होतं. पट्टा आवळताना हाताला एक ओढ जाणवायची, जणू यंत्र स्वतःच म्हणायचं, सोड आता, मी धरलंय. आज ती ओढ आलीच नाही. दांडा नुसताच हातात आला, मेलेल्या माणसाच्या हातासारखा. त्याने पाय भिंतीला लावले, सगळं अंग टाकलं. पट्ट्यातून धूर निघाला. चाक वेगात आलं. पोती मागच्या मागे डोंगर उतरू लागली. मोठ्या चाकाला वळसा घालताना खुर्च्या आडव्या उडून खांबांवर आपटू लागल्या, पोती फुटली आणि वाळूचा पाऊस पडला. मेजरने फळीवरून बर्फात उडी मारली, तो डोक्यावरच गेला, आणि कोटाची शेपटं वर करून तसाच पडून राहिला. फोटोवाला पळाला होता, म्हणून तो फोटो तेवढा काढायचा राहिला.

शेवटी दांडा उसळला आणि सायलसला भिंतीवर फेकून गेला. त्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं. खुर्च्या एकमेकींत अडकून चाकाशी ढीग झाला तेव्हाच दोर थांबला.

कुणी मेलं नाही. मेजरच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो ओरडत होता, "हा ब्रेक कुणाचा? हा ब्रेक कुणी लावला?" त्या दिवशीच्या त्याच्या हाताची ऊब अजून सायलसच्या खांद्यावर होती, आणि त्याच खांद्याचं हाड आता कातड्याखाली वर आलं होतं.

"माझा," सायलस म्हणाला.

मोएनने त्याला उठवून बाकावर बसवलं. आता हा शहाणा बोलणार, याची सायलस वाट पाहत राहिला. तो स्वतः त्याच्या जागी असता, तर त्याने महिनाभर बोलणं पुरवून वापरलं असतं. पण मोएनने नुसता मफलर काढून त्याचा हात गळ्यात बांधला.

"बोला की," सायलस शेवटी म्हणाला. "तोंड शिवलंय का?"

"काय बोलू? खाणीच्या कामाला तुमची बांधणी बरोबरच होती. काम उलटं झालं, एवढंच."

"मला मोठेपणा दाखवू नका."

"मोठेपणा नाही. पट्टा जसा आहे तसाच आहे, मिस्टर ट्रेगियर. तुम्हाला गाढव म्हटल्याने तो काही धरणार नाही. आणि तुम्ही गाढव आहातच, ते वेगळं."

सायलसला हसू आलं आणि हाड दुखलं. त्या रात्री झोप लागेना तेव्हा त्याने छताकडे बघत सगळ्या जगाला नावं ठेवून पाहिली, पण कुठेच मन लागेना. फिरून फिरून एकच माणूस नजरेसमोर येत होता, तोंडात पेस्टी असलेला, ओठ वाकडा केलेला. इतका मूर्ख माणूस त्याने साऱ्या कोलोरॅडोत पाहिला नव्हता.

नाताळ गेला. दातेरी चक्र आलं, लोखंडी जीभ बसली. मोएनने पोती पुन्हा चढवली, मोटार बंद केली, आणि जीभ दातात पडल्याचा ठण्ण आवाज झाला. दोर तसूभर मागे आला नाही. जानेवारीत केळी आली. डेन्व्हरची, शिकागोची, गॉगल लावलेली, एकमेकांना मिठ्या मारणारी. सायलस गळ्यात हात बांधून खुर्च्या येतात तिथे उभा राहायचा आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक खुर्ची धरून माणसाखाली सरकवायचा. "मागे बघू नका बाई, खुर्ची आहे, नवरा नव्हे, ती येणारच." "पाय सैल, साहेब. मेंदू आहे तसाच राहू द्या, सैलच आहे." गंमत म्हणजे केळ्यांना हे आवडायचं. शिव्या खायला ती पुन्हा पुन्हा खाली यायची. यामुळे सायलसला त्यांचा अधिकच तिटकारा यायचा.

एका सोमवारी, गर्दी नव्हती तेव्हा, टॅमझिन तपकिरी कोट घालून आली आणि रांगेत उभी राहिली.

"काय गं?"

"वर जायचंय."

वर काय होतं ते दोघांना ठाऊक होतं. वर खाणीच्या कामगारांची बराक होती. त्यांचा मुलगा जोरी तिथे राहायचा, कारण हिवाळ्यात रोज खाली येणं जमायचं नाही. सोळा वर्षांपूर्वी मार्च महिन्यात पहाटे डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला आणि बराकीचा अर्धा भाग घेऊन गेला. जोरी एकोणीस वर्षांचा होता. वाट बंद होती, तेव्हा त्याला खाली आणलं ते बादलीतून. दांडा सायलसनेच धरला होता. टॅमझिन खाली उभी होती. बाईमाणसाने खाणीच्या आसपास फिरकणं खाणकामगार अशुभ मानत, म्हणून ती आधी कधी वर गेली नव्हती. खाण बंद पडली तोवर पायवाट कोसळली होती आणि तिचे गुडघेही. आपलं पोर कुठल्या भिंतींत राहत होतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. सायलसनेही कधी सांगितलं नव्हतं.

"थंडी आहे वर," तो म्हणाला.

"कोट आहे."

"एकटीला बसावं लागतं. खुर्ची एकाचीच."

"मग तू मागच्या खुर्चीत बस."

"मी काय केळं आहे?"

खुर्ची आली, टॅमझिन बसली आणि गेली. पहिल्या मनोऱ्याच्या चाकांवरून तिची खुर्ची खडखडत सरकली, आणि तिचा कोट पांढऱ्या डोंगरावर लहान लहान होत चालला.

मोएन दांड्यापाशी उभा होता. त्याने दोर थोडा हळू केला.

सायलस पुटपुटत जागेवर जाऊन उभा राहिला. मागे बघायची त्याला इतकी इच्छा झाली की मान दुखायला लागली. त्याने समोर पाहिलं. खुर्चीची फळी गुडघ्यांमागे टेकली, गुडघे आपोआप मोडले, आणि पाय जमिनीवरून सुटले.

दोघांमध्ये दोन रिकाम्या खुर्च्या होत्या.

"सायलस!" पुढून हाक आली. ती मागे वळली नव्हती, समोर डोंगराकडे बघूनच ओरडत होती.

"काय?"

"बराक कुठली?"

"डावीकडे! ती चिमणी उभी आहे ती!"

खालून घसरणारे स्कीवाले थांबून वर बघायला लागले. लाल टोपीवाल्या एका बाईने हसून हात हलवला.

"बघतेस काय वर!" सायलस तिच्यावर खेकसला. "घसर!"

"तो कुठे निजायचा?" टॅमझिनने विचारलं.

एवढ्या मोठ्याने सांगायची ही गोष्ट नव्हती. पण हळू सांगायला त्याला सोळा वर्षं मिळाली होती, आणि त्याने काय केलं होतं?

"खिडकीशी!" तो ओरडला. "दरीकडच्या खिडकीशी! खाट त्याने स्वतः सरकवून घेतली होती!"

"कशाला?"

"आपलं घर दिसतं तिथून! तू दिवा मालवलास की मग तो झोपायचा! बाकीचे चिडवायचे त्याला!"

दोर चाकांवरून सरकत राहिला. सायलसला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि तिचा एक हात, खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला.

मग आवाज आला. "हे तू मला आज सांगतोस? मेल्या, तो वर होता तेव्हा मी दिवा लवकर मालवत होते! तेल वाचवायला!"

"मला काय माहीत तुला..."

"तुला काय माहीत! तुला सगळ्या गावाच्या चुका माहीत!"

वरच्या फळीवर ती चालत उतरली. सायलस मात्र उतरताना घसरला आणि मोडक्या बाजूवर पडला. वरच्या गड्याने हसू दाबलं. टॅमझिनने बगलेत हात घालून नवऱ्याला उभं केलं, आणि त्याने या वेळी आपला सगळा भार तिच्यावर पडू दिला.

गुडघाभर बर्फातून दोघे बराकीपर्यंत गेले. छप्पर निम्मं उरलं होतं. दरीकडची भिंत उभी होती आणि तिच्यातली खिडकी, काचेविना. टॅमझिनने हातमोज्याने खिडकीच्या कट्ट्यावरचा बर्फ झाडला आणि खाली पाहत राहिली. खाली गावाची छपरं होती, त्यांत त्यांचं.

"सांग," ती म्हणाली.

सायलसने सांगितलं. त्या सकाळी कुणी हाक मारली, खोदायला कोण कोण होतं, जोरी कसा सापडला, त्याच्या अंगावर कुणाचं घोंगडं घातलं, बादली खाली सोडताना त्याने दोर किती सावकाश सोडला. कुणाला शिवी दिली नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. मध्ये दोनदा थांबला. टॅमझिनने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याचा चांगला हात धरून ठेवला होता.

उन्हं उतरली तेव्हा लिफ्ट बंद व्हायची शिट्टी झाली. दोघे निघेपर्यंत पुष्कळ वेळ गेला. तरी मोएनने मोटार बंद केली नव्हती, दोर फिरतच होता. रिकाम्या खुर्च्या येत होत्या, वळत होत्या आणि जात होत्या.